कनिंगहॅम: आयरिश, स्कॉटिश की स्कॉच-आयरिश? आडनावाचं मूळ शोधायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतात. सासरचं आडनाव कनिंगहॅम. सासरे स्वतःला आयरिश म्हणवतात. घरातल्या एक वयस्क आत्या मात्र ठणकावून सांगतात की आपण 'स्कॉच-आयरिश' (उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत आलेले, बहुतेक स्कॉटिश वंशाचे प्रोटेस्टंट), आयरिश ते वेगळे. पूर्वज अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी आले, एवढीच घरातली आठवण. इंटरनेटवर एक ठिकाण म्हणतं नाव स्कॉटलंडचं, दुसरं म्हणतं अस्सल गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ आयरिशभाषक लोकांचं, आणि दिवाणखान्यात आडनावाचं म्हणून विकत घेतलेलं एक कुलचिन्ह टांगलेलं आहे. खरं काय, आणि सुरुवात कुठून करायची?

आधी उत्तर देतो, तपशील मागाहून. इंटरनेटवरची दोन्ही ठिकाणं बरोबर आहेत, आणि म्हणूनच तुमच्या कामाला एकही येत नाही. आडनाव कुठून आलं हे कळलं म्हणून ते लावणारं घराणं कुठून आलं हे कळत नाही. मराठी माणसाला हे फार समजावून सांगायला नको. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारा, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण समोरचा कुलकर्णी देशस्थ, कऱ्हाडे की आणखी कोणी, आणि कुठल्या गावचा, हे त्यातून निघत नाही. म्हणून आपण मूळ गाव विचारतो, गोत्र विचारतो, कुलदैवत विचारतो. आयर्लंडच्या बाबतीत विचारायचे प्रश्न दोन: टाउनलँड कोणतं आणि चर्च कोणतं. टाउनलँड म्हणजे तिथली जमिनीची सर्वांत लहान नाव असलेली वाडी. अशी साठ हजारांहून अधिक नावं त्या बेटावर आहेत. ही दोन उत्तरं हाती येईपर्यंत आडनावांचे कोश उघडू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. कोणी ऐकत नाही, ती गोष्ट निराळी.

कनिंगहॅम हे नाव या गुंत्याचा उत्तम नमुना आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एअरशर नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. त्याच्या उत्तर भागाचं जुनं नाव कनिंगहॅम. तिथल्या जमीनदार घराण्याने ते नाव घेतलं, त्यांच्यातलेच पुढे ग्लेनकेर्नचे अर्ल झाले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम हेही मुळात स्कॉटिशच. त्यांचे वडील अॅलन डमफ्रीसशरचे कवी होते. १६१० च्या सुमारास राजा पहिला जेम्स याने उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात स्कॉटिश आणि इंग्रज लोक आणून वसवायला घेतले. डोनेगल काउंटीच्या पूर्वेला लॅगन नावाचा सुपीक पट्टा आहे, तिथे ज्यांना मोठाल्या जमिनी मिळाल्या त्यांत कनिंगहॅम एकाहून अधिक होते. मॅनरकनिंगहॅम आणि न्यूटाउनकनिंगहॅम ही दोन गावं आजही त्यांच्या नावाने नकाशावर आहेत. एअरशरहून त्यांच्याबरोबर कुळं आली, नोकर आले, भाऊबंद आले, आणि त्यांतल्या कित्येकांचं आडनावही कनिंगहॅमच होतं.

आता त्याच डोनेगलमध्ये पश्चिमेला समुद्राकडे जा. ग्लेनकोलमकिल, टीलिन, किलीबेग्ज या भागातही कनिंगहॅम भरपूर आहेत. पण हे कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या आयरिश बोलणारे. आयरिशमध्ये त्यांचं आडनाव साधारण 'मॅक किन्यगान' असं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाला ते झेपेना. कानाला जवळचं, वजनदार आणि तयार असं एक नाव काउंटीत होतंच, ते त्यांना चिकटलं. कॉनॉट प्रांतातल्या अशाच नावाच्या काही वेगळ्या गेलिक कुळांचंही हेच झालं. म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत एकाच आडनावाची दोन माणसं उभी राहतात आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा काडीचाही संबंध नसतो. एकाच्या पणजोबाच्या पणजोबाने स्कॉटलंडहून खाडी ओलांडली, दुसऱ्याचा वंश तिथून कधी हललाच नाही. जुन्या कागदांत स्पेलिंगही कसंही येतं: कॉनिंगहॅम, किनिंगहॅम, किनेगन. 'आम्ही यू लावतो, ते ओ लावतात' असले घरगुती सिद्धांत अठराव्या शतकात लावू नका. तेव्हा लिहिणारा कानाने ऐकून लिहायचा, आणि ज्याचं नाव तो लिहितोय त्याला बहुधा वाचता येत नसे.

हे फक्त या एका नावाचं नाही. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं दहाव्या-अकराव्या शतकात रुजली, युरोपात फार लवकर. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओ'ब्रायन हे १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजाच्या वंशातले. ११६९ नंतर नॉर्मन आले, त्यांच्यासोबत बर्क, फिट्झजेराल्ड, वॉल्श ही नावं आली आणि दोनतीन पिढ्यांत ती पक्की आयरिश झाली. 'फिट्झ' दिसलं की नॉर्मन, असा नियम कोणी सांगितला तर फिट्झपॅट्रिक पुढे करा. ते मुळात गेलिक कुळ, फक्त वेष नॉर्मन. मग इंग्रजी सत्तेचा दाब आला. १४६५ चा एक कायदाच होता की डब्लिनच्या आसपासच्या काउंट्यांत राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावं: एखाद्या शहराचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. सतराव्या-अठराव्या शतकांत 'ओ' आणि 'मॅक' सरसकट गळून पडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय भावनेची लाट आली तेव्हा पुष्कळांनी ते परत लावले. काहींनी तर 'मॅक' होता तिथे 'ओ' लावला. 'मॅक' असलं तर स्कॉटिश आणि आखूड 'एमसी' असलं तर आयरिश, हे तर निव्वळ थोतांड आहे. 'एमसी' हा फक्त लिहिणाऱ्याचा आळस.

सर्वांत जास्त फसवतात ती भाषांतरित नावं. १८९० च्या जन्मनोंदींवरून तिथल्या नोंदणी खात्याचे रॉबर्ट मॅथिसन यांनी आडनावांची मोजदाद केली. पहिली पाच अशी: मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श आणि स्मिथ. इतके इंग्रज लोहार आयर्लंडमध्ये आले कुठून? आलेच नाहीत. कॅव्हन काउंटीतले कित्येक स्मिथ हे 'मॅक गावन', लोहाराचा मुलगा. इंग्रजीत भाषांतर झालं आणि स्मिथ झाले. टायरोनमधले काही कॅम्पबेल स्कॉटलंडच्या कॅम्पबेलांचे कोणी लागत नाहीत. ते एका जुन्या गेलिक कुळाचे, त्या कुळाच्या नावाच्या उच्चाराला जवळचं म्हणून कॅम्पबेल. गॉलवेकडचे किंग हे बऱ्याचदा कॉनरॉय. सशासाठी असलेल्या आयरिश शब्दाशी नाव जुळलं म्हणून काही लोक चक्क 'रॅबिट' झाले. आणि ज्या मर्फींचा पहिला नंबर, तेही एक घराणं नव्हे. कॉर्कचे वेगळे, वेक्सफर्डचे वेगळे.

आता सासरे आणि आत्या यांच्या वादाकडे वळू. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. वसाहतीचा अधिकृत कार्यक्रम १६०७ नंतरचा. त्या वर्षी ओ'नील आणि ओ'डॉनेल हे गेलिक सरदार लॉफ स्विलीच्या काठावरून जहाजात बसून युरोपात निघून गेले आणि त्यांची जमीन सरकारजमा झाली. पण अँट्रिम आणि डाउन या दोन काउंट्या त्या कार्यक्रमात नव्हत्याच. तिथे हॅमिल्टन आणि माँटगोमेरी या दोघा स्कॉटिश सरदारांनी १६०६ पासून खाजगीत माणसं आणली होती. अँट्रिमचा किनारा आणि स्कॉटलंडचं किनटायर टोक यांत समुद्र जेमतेम २० किलोमीटर. लोक त्याआधीही ये-जा करतच होते. स्कॉटलंडमध्ये १६९० च्या दशकात दुष्काळाची ओळ लागली तेव्हा सर्वांत मोठा लोंढा आला. ही मंडळी बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट पंथाची. राजसत्तेचं, म्हणजे सरकारी अँग्लिकन, चर्च वेगळं. त्या चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, यांनीही द्यायचा, १७०४ नंतर सरकारी पदांचे दरवाजेही बंद, त्यात भाडेपट्टे संपले की जमीनदार खंड वाढवणार. १७१८ मध्ये अघाडोवीचे पाद्री जेम्स मॅकग्रेगर आपल्या मंडळींना घेऊन बॉस्टनला गेले आणि त्यांनी न्यू हॅम्पशरमध्ये लंडनडेरी वसवलं. त्यानंतर १७७५ पर्यंत अल्स्टरमधून किमान लाखभर लोक अमेरिकेत गेले. काही अभ्यासक आकडा अडीच लाखांपर्यंत नेतात.

त्यांतले बहुसंख्य फिलाडेल्फियाला का उतरले, याचं कारण मला फार आवडतं. अल्स्टर जगत होतं लिननवर. तलम धागा हवा तर जवसाचं पीक बी धरण्याआधीच उपटावं लागतं, म्हणजे पुढच्या पेरणीला बी उरत नाही. ते बी अमेरिकेतून, मुख्यतः फिलाडेल्फियाहून, डेरी आणि न्यूरी या अल्स्टरच्या बंदरांत यायचं. बी उतरवलं की जहाज रिकामं; परतीला माणसं भरायची. तुमच्या सासरचा पूर्वज पेनसिल्व्हेनियात पोहोचला तो बहुधा अशाच एखाद्या जहाजातून.

तेव्हा अमेरिकेत या लोकांना साधं 'आयरिश' म्हणत, तेही स्वतःला पुष्कळदा तसंच म्हणवत. 'स्कॉच-आयरिश' हा शब्द होता, पण त्याची खरी चलती झाली १८४५ नंतर. बटाट्याच्या दुष्काळाने लाखो गरीब कॅथलिक आयरिश अमेरिकेत आले आणि आधीच्या प्रोटेस्टंटांना आपण त्यांच्यातले नाही, हे सांगायची गरज वाटू लागली. आत्याबाईंच्या 'आपण वेगळे' यामागे तो जुना दुरावा बोलतो आहे. त्याला पुरावा म्हणून किंमत आहे, पण थोडीच. त्यातून घराणं प्रोटेस्टंट होतं एवढं कळतं. स्कॉटिश होतं असं नव्हे, कारण अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांत इंग्रज होते, फ्रान्सहून आलेले ह्युगेनॉ होते, आणि धर्म बदललेले गेलिकही होते.

मग करायचं काय? सर्वांत आधी आयर्लंड विसरा. शोध आजच्या माणसापासून मागे जातो, आणि तुमच्या बाबतीत त्याचे नऊ दशांश काम अमेरिकेतच आहे. सासऱ्यांपासून सुरू करून प्रत्येक पिढीचा कागदोपत्री दुवा लावा. १८५० ची जनगणना ही तिथली पहिली, जिच्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान आहे. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. १८८० मध्ये आईवडिलांचं जन्मस्थानही विचारलं गेलं. त्यात बहुतेक वेळा नुसतं 'आयर्लंड' सापडेल. निराश होऊ नका, आणि तिथेच उडी मारून डब्लिनच्या संकेतस्थळांवर जाऊही नका.

जहाजाची यादी शोधण्यात वेळ घालवू नका, हे जरा जोर देऊन सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात. १८२० पूर्वी अमेरिकेत येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या ठेवायची सक्तीच नव्हती. फिलाडेल्फियात १७२७ पासूनच्या ज्या प्रसिद्ध याद्या आहेत, त्या जर्मन लोकांच्या. त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. अल्स्टरचा माणूस आधीच त्याच राजाचा प्रजाजन, त्याला ना शपथ, ना नागरिकत्वाचा अर्ज. आणि 'एलिस आयलंडवर साहेबाने नाव बदललं' ही कथा कोणी सांगितली तर हसून सोडून द्या. एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये, आणि तिथला अधिकारी नाव लिहीत नसे. जहाज सुटतानाच तयार झालेल्या यादीशी ताडून बघे.

पेनसिल्व्हेनियात खरा खजिना जमिनीच्या कागदांत आहे. वसाहत सरकारकडे आधी अर्ज, मग मोजणी, मग कायमचा पट्टा, असा क्रम असे, आणि हे सगळं हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहे. अॅलेगेनी डोंगरांच्या पलीकडची जमीन १७६८ च्या तहाने मिळाली आणि १७६९ मध्ये तिचे अर्ज सुरू झाले. त्या तारखेच्या आधी तुमचा माणूस तिथे कायदेशीर मालक म्हणून दिसणार नाही. मग तो आधी पूर्वेकडच्या लँकेस्टर, कंबरलँड यांसारख्या काउंट्यांत शोधायचा. आणखी एक खाच: पिट्सबर्गच्या आसपासच्या मुलखावर १७८० पर्यंत व्हर्जिनियाही हक्क सांगत होती, त्यामुळे काही पट्टे व्हर्जिनियाच्या दप्तरात निघतात. पेनसिल्व्हेनियात काहीच सापडलं नाही म्हणून हात टेकलेल्या लोकांना मी पहिल्यांदा हेच विचारतो.

पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर त्याचा निवृत्तिवेतनाचा अर्ज शोधा. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्यांना न्यायालयात ठरावीक प्रश्न विचारत, त्यात पहिलाच प्रश्न कुठे आणि कोणत्या साली जन्मलास हा. कित्येक घराण्यांचं गाव फक्त या एका उत्तरात उरलं आहे. चर्चच्या कामकाजाच्या वह्याही बघा. प्रेस्बिटेरियन माणूस गाव सोडताना पाद्र्याकडून चांगल्या वर्तनाचं पत्र घेऊन निघे आणि नव्या मंडळीत ते दाखवी. फिलाडेल्फियातल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत असे जुने कागद मोठ्या प्रमाणात आहेत.

एवढं करूनही गावाचं नाव निघालं नाही तर शेजारी धरा. खरं सांगायचं तर या धंद्यातलं निम्मं यश शेजाऱ्यांमुळे मिळतं. ही माणसं एकेकटी नव्हे, जथ्याने गेली. पट्ट्याच्या चतुःसीमेला कोण आहे, मृत्युपत्रावर साक्षी कोण, मुलीने कोणाशी लग्न केलं, विधवेच्या मुलांचा पालक कोण नेमला, ही सगळी नावं एका कागदावर उतरवा. कनिंगहॅम नावाचं मूळ गाव कुठेच लिहिलेलं नसेल, पण तीन शेजाऱ्यांपैकी दोघांच्या थडग्यावर डोनेगलमधल्या रॅफो परगण्याचं (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) नाव कोरलेलं असू शकतं. आणि कनिंगहॅमपेक्षा दुर्मीळ आडनावाचा शेजारी मिळाला तर फारच उत्तम. तो अल्स्टरच्या यादीत चटकन सापडतो, आणि बरेचदा त्याच्या आजूबाजूला तुमचा कनिंगहॅम दिसतो.

मुलांच्या नावांकडेही लक्ष ठेवा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी चाल या लोकांत पुष्कळ ठिकाणी पाळली जाई. पुरावा म्हणून एकटी ती पुरत नाही, पण दोन विल्यम कनिंगहॅमांपैकी आपला कोण हे निवडताना मदत होते.

गाव किंवा निदान परगणा हाती लागला की मग आयर्लंड. इथे एक दुःखद तारीख पाठ करून ठेवा: ३० जून १९२२. आयरिश यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातलं सार्वजनिक अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा बहुतेक भाग, सरकारी चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या आणि शेकडो वर्षांची मृत्युपत्रं त्यात गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. म्हणून आजही सबंध देशाची पूर्ण हाती लागणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. पण 'सगळं जळालं' हेही खरं नाही. कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन नोंदवह्या तिथे नव्हत्याच. १७०८ पासूनचे जमीनव्यवहार असलेली रजिस्ट्री ऑफ डीड्स दुसऱ्या इमारतीत होती, ती शाबूत आहे. मृत्युपत्रं गेली तरी त्यांच्या अनुक्रमणिका उरल्या. रॅफो धर्मप्रांताच्या अनुक्रमणिकेत नाव, गाव आणि साल एवढं मिळतं, आणि कधी कधी तेवढंच लागतं.

१८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची जमीन-आकारणी सगळे आधी उघडतात. १८२० आणि १८३० च्या दशकांतल्या दशांशाच्या वह्याही. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. तुमचा माणूस १७७६ च्या आधी निघाला, म्हणजे हे कागद तो गेल्यावर पन्नास ते ऐंशी वर्षांनी झालेले. त्यात त्याला शोधू नका. त्यातून एवढंच बघा की कनिंगहॅम कोणत्या परगण्यात दाट आहेत आणि त्यांच्या शेजारी कोण आहे. त्याच्या आधीचं किंवा त्याच्या काळाच्या आसपासचं हवं असेल तर १६३० ची हत्यारबंद माणसांची यादी, जी जमीनदारवार आहे, १६६० च्या दशकातल्या चूल-कराच्या याद्या, १७४० ची प्रोटेस्टंट घरमालकांची यादी, आणि १७९६ मध्ये जवस पेरणाऱ्यांना चरखे बक्षीस दिले त्यांची यादी. ही शेवटची जवळपास साठ हजार नावांची आहे, आणि मागे राहिलेले भाऊ-पुतणे त्यात सापडू शकतात.

लॅगनच्या बाबतीत माझा भर जहागिरीच्या कागदांवर असतो. त्या भागात अॅबरकॉर्न घराण्याची मोठी जमीन होती. त्यांचे भाडेपट्टे, खंडाच्या याद्या आणि कारभाऱ्यांची पत्रं बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत, आणि अठराव्या शतकातल्या पत्रांत अमेरिकेला निघालेल्या कुळांचे उल्लेख येतात. त्या अभिलेखागाराला सगळे 'प्रोनी' म्हणतात. डोनेगल आज आयर्लंड प्रजासत्ताकात असलं तरी त्याचे पुष्कळ कागद सीमेपलीकडे प्रोनीत आहेत, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. प्रेस्बिटेरियन मंडळींच्या नोंदवह्या बहुतेक १८०० नंतरच सुरू होतात. म्हणून सरकारी चर्चच्या उरलेल्या वह्याही चाळा. प्रेस्बिटेरियन माणसाचं दफन, कधी कधी लग्नही, तिथे नोंदलेलं असतं.

यापुढे स्कॉटलंड. खाडी ओलांडून नेमक्या एअरशरच्या गावापर्यंत पोहोचण्याची शक्यता फारच कमी, हे आत्ताच सांगून ठेवतो. १६१० च्या आसपासच्या साध्या कुळाचा बाप्तिस्मा नोंदवलेली वही तिकडच्या थोड्याच गावांत उरली आहे. जमीनदार कनिंगहॅमांचा वंशवृक्ष मात्र छापील आणि सुबक मिळतो. त्याला स्वतःचं घराणं जोडून टाकायचा मोह पुष्कळांना होतो आणि इंटरनेटवरचे निम्मे कनिंगहॅम वृक्ष तसे जोडलेले आहेत. ज्या झाडात १६५० ते १७५० या काळात प्रत्येक पिढीला नुसती नावं आहेत आणि कागद एकही नाही, ते झाड उतरवून घेऊ नका.

डीएनए चाचणीबद्दल प्रश्नात विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. थुंकी पाठवून जी 'आयर्लंड ४० टक्के, स्कॉटलंड ३५ टक्के' अशी विभागणी येते, तिचा या प्रश्नाला उपयोग नाही. अल्स्टर आणि नैर्ऋत्य स्कॉटलंड यांची माणसं शतकानुशतकं मिसळलेली आहेत. उपयोगी पडते ती वाय गुणसूत्राची चाचणी, कारण ते आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. तुमच्या यजमानांनी किंवा सासऱ्यांनी ती करावी आणि कनिंगहॅम आडनावाच्या गटात निकाल घालावा. पश्चिम डोनेगलच्या कॅथलिक कनिंगहॅमांशी जुळणी झाली तर एक दिशा, एअरशरच्या कागदोपत्री सिद्ध घराण्याशी झाली तर दुसरी. इथेही एक सापळा आहे. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की वायव्य आयर्लंडमध्ये दर पाच पुरुषांत साधारण एकाकडे वाय गुणसूत्राची एकच खूण आहे. तिचं नाव एम-२२२. ती नायल या पुराणप्रसिद्ध राजाच्या वंशाची, असा गाजावाजा झाला. पण तीच खूण स्कॉटलंडच्या सखल भागातही सापडते. म्हणजे एम-२२२ निघाली म्हणून 'आम्ही गेलिक आयरिश' असं लगेच ठरत नाही. आणि चाचणीआधी घरातल्यांना विचारा. एखादी गोष्ट वडीलधाऱ्यांना माहीत असते आणि बाकीच्यांना नसते.

कुलचिन्हाचं एका ओळीत: चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही, आणि दुकानात मिळालेलं चिन्ह बहुधा ग्लेनकेर्नच्या अर्लचं असणार. भिंतीवर छान दिसत असेल तर राहू द्या.

मुंबई-पुण्यात आयरिश आडनावं लावणारी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घराणी आहेत, त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई भरपूर होते. मुंबईची युरोपीय पलटण तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी तुकडी झाली. अशा घराण्यांनी आयर्लंडच्या आधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी बघाव्यात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला तिथे आहेत, आणि शिपायाच्या भरतीच्या कागदात कधी कधी त्याच्या जन्माची काउंटी आणि परगणाही लिहिलेला असतो. पेनसिल्व्हेनियातल्या कनिंगहॅमांना जे मिळवायला घाम गाळावा लागतो, ते यांना एका कागदात मिळून जातं.

पैशांचं म्हणाल तर १९०१ आणि १९११ च्या जनगणना, ग्रिफिथ, १८६४ पासूनच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कॅथलिक वह्यांची चित्रं, हे सगळं फुकट आहे. सशुल्क संकेतस्थळाची वर्गणी अमेरिकेतला भाग पुरा करताना एकदा घ्या आणि काम झालं की बंद करा. आयर्लंडमधला माणूस पैसे देऊन नेमायचा असेल तर तो गावाचं किंवा परगण्याचं नाव सापडल्यावरच, आणि त्याला 'आमचं मूळ शोधा' असं सांगू नका. '१७५० ते १७७५ दरम्यान अमुक जहागिरीच्या खंडाच्या याद्यांत कनिंगहॅम कुठल्या टाउनलँडमध्ये दिसतात आणि कधी दिसेनासे होतात', असा एक नेमका प्रश्न लेखी द्या. त्याचं उत्तर आलं की पुढचा.